दहावी जागा

प्रिय रशीदचाचा,

परवा तुमची मुलगी नुसरत कुंपणाशी आली होती. लॉकडाउनमुळे तुम्ही गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी दुआला कुणाला बोलावता येत नाही, म्हणून ती तुमच्या आठवणींची पुस्तिका करते आहे. मी चार ओळी लिहून दिल्या आणि खाली सही केली, ‘एक शेजारी’. तिने वाचून कागदाची घडी घातली. तेव्हापासून मला चैन नाही.

आम्ही सिडनीत गिरावीनला राहायला आलो तेव्हा याच कुंपणावरून तुम्ही अक्रोड दिले होते. काय करायचात, असं मी सहज विचारलं. तुम्ही सरळ सांगितलंत: बारामुल्ल्याजवळ भूगोल शिकवायचो, मग आझादी मागितली, मग तुरुंगात गेलो. बंदूक कधी धरली नाही आणि पाकिस्तानही नको म्हणालो, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या. वर हसलात! मी मात्र घाईने कचऱ्याचा डबा आत न्यायला वळलो.

नंतर किती भांडलो आपण! पुण्यात वाढलेल्या मला तुमचं बोलणं झोंबायचं. आजही सगळं पटत नाही, खोटं कशाला बोलू? पण पंडितांच्या रिकाम्या घरांबद्दल मी आवाज चढवला, तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत. “वो हमारी शर्म है,” म्हणालात. माझ्या बाजूने अशी कबुली मी कधी दिली होती का?

गणपतीत माझे कामावरचे मित्र घरी आले, तेव्हा तुमची ओळख मी ‘रिटायर्ड टीचर’ अशी करून दिली. तुम्ही निमूट मोदक खाल्लेत. निघताना बुटाची लेस बांधता बांधता हळूच म्हणालात, “आधा तआरुफ़ कराया, बेटा.” अर्धीच ओळख.

माझ्या मुलीला, इराला, तुम्ही ड्राइव्हवेवर खडूने काश्मीर काढायला शिकवलंत. “व्हेअर इज द बॉर्डर?” तिने विचारलं. आधी नद्या काढ, म्हणालात. आता ती कुठलाही नकाशा काढताना नद्यांपासूनच सुरुवात करते.

मग तो कोविड. तुमच्या मातीला फक्त दहा माणसांना परवानगी होती. दहावं नाव माझं होतं, तुम्हीच हॉस्पिटलमधून नुसरतला फोनवर सांगितलेलं. मी नुसरतला कळवलं, मी काम करतो त्या वेस्टमीडच्या लॅबमध्ये कोविडचं एक्स्पोजर झालंय, आयसोलेशनमध्ये आहे. खोटं होतं ते, चाचा. निगेटिव्ह रिपोर्ट माझ्या फोनमध्ये होता. मला भीती होती मातीच्या व्हिडिओची. कुणीतरी फेसबुकवर टाकेल, आझादी मागणाऱ्याच्या मातीला माझा चेहरा दिसेल, भारतात यायचं माझं ओसीआय कार्ड रद्द होईल, मग पुण्यात एकट्या असलेल्या आईकडे जायचं कसं? ऐन वेळी दुसऱ्या कुणालाही बोलावता आलं नाही. नऊच जणांनी तुम्हाला माती दिली.

काल आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी समजून घेईल. ती म्हणाली, “शेजाऱ्याच्या मातीला जायचं असतं, निखिल. माझं नाव पुढे करू नकोस.”

आता नुसरतकडे जातो आहे. खरं काय ते तिला सांगेन. ती दार लावून घेईल, तर तेही सोसेन. तो ‘एक शेजारी’वाला कागद परत घेऊन हे पत्र तिच्या हातात देईन, पुस्तिकेत जसंच्या तसं छापायला. आणि यापुढे कुणीही विचारलं तरी तुमची ओळख अर्धी करून देणार नाही. माझीही नाही.

काश्मीरच्या आझादीसाठी उभं आयुष्य वेचलेल्या रशीदचाचांचा शेजारी,
निखिल मधुकर सरपोतदार
गिरावीन, सिडनी