अप्पांचा ॲम्प्लिफायर

आई, गेल्या आठवड्यात रिची स्ट्रीटवरच्या एका रेडिओ-टीव्हीच्या दुकानात मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर मटकन बसलो. दुकानदाराला वाटलं उन्हाने चक्कर आली, त्याने पाणी आणून दिलं. कसलं ऊन आणि कसलं काय! तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत मला तुझ्याबद्दल एकही नवी गोष्ट कळली नव्हती. जे होतं ते सगळं माहीत आहे, असंच धरून चाललो होतो. त्या दिवशी कळली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. राग येतोय, रडू येतंय, मधेच हसू येतंय. म्हणून लिहायला बसलो. मराठीत लिहितोय, कारण लग्न होऊन मिरजेहून येताना तू ती लिपी बरोबर आणलीस आणि पाटीवर माझ्याकडून गिरवून घेतलीस. अप्पांच्या तंजावरी घरात मराठी बोलत होते सगळे, लिहीत कुणी उरलं नव्हतं.

नीट पहिल्यापासून सांगतो. तुझ्या नातीचं लग्न ठरलंय. रविवारी व्याही पहिल्यांदा घरी यायचे होते, आणि त्याआधी घरात होम थिएटर आलं पाहिजे असा मायलेकींनी धोशा लावला होता. तुझ्या वेळी हा प्रकार नव्हता. टीव्ही आता अर्ध्या भिंतीएवढा असतो आणि त्याचा आवाज मात्र काडेपेटीतून आल्यासारखा. म्हणून खोलीत चहूबाजूंनी पाच स्पीकर ठेवायचे, आणि ते चालवायला एक तर रिसीव्हर नावाचा एकच डबा घ्यायचा, ज्यात सगळं असतं, नाहीतर वेगवेगळी यंत्रं घेऊन जोडायची. माझं बजेट बेताचं. मी तीन आठवडे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत याच्यावरच वाचत होतो. स्वस्त रिसीव्हरवर शंभर वॉट लिहिलेलं असतं ते दोनच स्पीकर चालू ठेवून मोजलेलं असतं, पाचही लावले की त्याचा जीव अर्धा होतो. चांगला वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा तर टीव्हीपेक्षा महाग. बायको म्हणाली, "पोरीचं लग्न ठरवायला एवढा वेळ घेतला नाहीत तुम्ही!" मग मला एकदम सुचलं. माळ्यावर अप्पांचा ॲम्प्लिफायर आहे की! समोरचे दोन मोठे स्पीकर, ज्यांच्यावर खरा भार येतो, ते त्याच्यावर टाकायचे आणि बाकीच्यांना साधा रिसीव्हर पुरे. फक्त रिसीव्हरच्या मागे प्री-आउट हवं, म्हणजे आतला आवाज बाहेरच्या ॲम्प्लिफायरला देणारी जागा. स्वस्तातल्या डब्यांना ती बहुतेक नसते, पण शोधलं तर मिळतं. आपल्या अकलेवर मी जाम खूश झालो.

माळ्यावरून तो उतरवला. लोखंडी पेटी, बारा-तेरा किलोंची, पंधरा वर्षांची धूळ. लावून पाहिला तर नुसता घुमत होता. मग रिक्षात मांडीवर घेऊन रिची स्ट्रीटला गेलो. दुकानदार पन्नाशीच्या आतला, बोलका. "सार, हे जुनं कशाला, एका डब्यात सगळं येतं," वगैरे त्याचं सुरू झालं. मग त्याने झाकण उघडलं. आत बघितलं आणि मागे वळून त्याने आईला इकडे ये म्हणून हाक मारली, "अम्मा, इंगे वा." आतल्या बाजूला त्याची आई रेडिओ दुरुस्त करत बसली होती. सत्तरीच्या आसपासची बाई, चष्मा दोरीने गळ्यात. ती आली, वाकली, आणि आतल्या वायरींच्या जुडग्यावरून एक बोट हळूहळू फिरवत नेलं. तुला आठवतं ना, सगळ्या वायरी मेणाच्या दोऱ्याने ओळीने बांधलेल्या आहेत? लहानपणी मी त्या कितीदा बघितल्यात. ती म्हणाली, "हा कुणाचा?" मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्या वडिलांनी केलाय. स्वतःच्या हाताने." बाई हसायला लागली. मला धाकटा भाऊ करून म्हणाली, "तुझे वडील काय गजरे बांधायचे, तंबी?"

मग तिने मला दाखवलं. दोऱ्याचा फास वरून टाकायचा, बोटाने ओढायचा, पुढच्याच्या खाली दाबायचा. मोगऱ्याच्या दोन कळ्या इकडे, दोन तिकडे ठेवून इथल्या बायका फूल बांधतात ती गाठ. गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात ॲम्प्लिफायर जोडायच्या लाइनवर ती अठराव्या वर्षी लागली होती. तिथे वायरी बांधायची साहेबांनी शिकवलेली गाठ वेगळी होती, ती सुटायची. एक बाई मात्र फुलांची गाठ मारायची आणि तिची कधी सुटली नाही. पुढे तिनेच सगळ्या मुलींना ती शिकवली. "मराठी अक्का म्हणायचो आम्ही तिला," बाई म्हणाली. "हातात उलथनं घेतल्यासारखं सोल्डरिंग आयर्न धरायची. बांगड्या कोपरापर्यंत सारून वर रुमाल बांधायची. शेवटी शेवटी तर तिने पास केल्याशिवाय एक नग कारखान्याबाहेर जात नव्हता." मला तुझा डबा आठवला. मी म्हणालो, टिफिनच्या डब्यावर निळा दोरा? ती म्हणाली, "तू अक्काचा मुलगा?" तेव्हाच मी बसलो गं त्या स्टुलावर.

हा ॲम्प्लिफायर तू केलास. नाकारलेल्या मालातले भाग साहेबांना विचारून घेतलेस आणि चार महिने जेवणाच्या सुट्टीत तो जोडलास. ट्रान्सफॉर्मरसुद्धा स्वतः गुंडाळलास. पहिल्यांदा तो वाजला तो आपल्या घरी नाही, तिथे लाइनवर, आणि सगळ्या बायकांनी डबे बाजूला ठेवून ऐकला. हे सगळं मला एक परकी बाई सांगत होती आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. आई, तू टायपिस्ट होतीस ना? स्टार्चची कॉटनची साडी, खांद्याला पर्स, केसात गजरा. सैदापेटच्या घरातून आठला निघायचीस, "ऑफिसला जाऊन येते" म्हणायचीस. शाळेच्या फॉर्मवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, आई टायपिस्ट. तंजावरच्या दरबारात एके काळी लेखनिक असलेल्यांचं अप्पांचं घराणं, त्यांच्या सुनेने कारखान्यात हातात तापलेलं लोखंड धरून बसायचं म्हणजे आकाशच कोसळलं असतं. त्या घराण्याला सांगितलं नाहीस, कळलं. पण मी कोण होतो? मी काय दरबारातून आलो होतो?

आता सगळं उलटं करून बघतोय आणि प्रत्येक ठिकाणी मी मूर्ख दिसतोय. तुझ्या बोटांवर ते बारीक डाग. मी विचारलं की तवा म्हणायचीस. पोळ्या करताना बोटाच्या टोकाला एवढासा गोल चटका कुणाला बसतो? आणि तो दिवस. मी दहावीत आहे, ॲम्प्लिफायरचं झाकण काढलंय, प्लगसुद्धा काढून ठेवलाय, आणि आत हात घालणार तेवढ्यात तू स्वयंपाकघरातून धावत येतेस आणि माझ्या मनगटावर फटका मारतेस. असा सणसणीत की आजही आठवतो. "बंद केलं तरी आत भरलेलं असतं! थांबायला शिक!" मी चिडून म्हणतो, "आई, तुला काय कळतं यातलं? तू जा, आमटी बघ." तू गेलीस. आमटी बघितलीस. जेवताना मला दुसऱ्यांदा वाढलीससुद्धा. त्या दिवशी त्या बाईने आत बोट घालण्याआधी पहिली गोष्ट काय केली माहीत आहे? मोठ्या कपॅसिटरमधला उरलेला करंट काढून टाकला. म्हणाली, अक्काने शिकवलेलं.

घरी आलो आणि चपलासुद्धा न काढता अप्पांच्या खोलीत गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी म्हणालो, "अप्पा, ॲम्प्लिफायर कुणी केला?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता नेहमीची गोष्ट सुरू करतील, सर्किट कुठल्या मासिकातून काढलं ती. पण त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "आमा, होय. तिनंच केला." एवढं सोपं! मी ओरडलो. सून असती घरात तर धावत आली असती. "चाळीस वर्षं तुम्ही लोकांना काय सांगत होतात? मला काय सांगत होतात?" ते म्हणाले, "मी सांगायला सुरुवात नाही केली रे. तो घरी आला त्या दिवशी सगळे जमले होते, तंजावरहून माझे काकासुद्धा. काकांनी विचारलं, कुणी केला. मी तोंड उघडायच्या आत ती आतून म्हणाली, ह्यांनी केला. मी गप्प बसलो. मग पुढच्या वेळी कुणी विचारलं तर काय सांगणार? मग मला ते पाठच झालं."

तो दिवस मला आठवतो. अप्पा चादरीत गुंडाळलेली पेटी रिक्षातून उतरवतायत, शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं दारात उभी आहेत, अप्पा बटण फिरवतात आणि आवाज असा येतो की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. तू उप्पीट ढवळत होतीस. डोकं खाली, पदर खोचलेला. "ह्यांनी केला" म्हणालेलं मीही ऐकलं होतं. मला ते कौतुक वाटलं होतं, आपल्या नवऱ्याचं केलेलं. त्या एका वाक्याची तुला काय किंमत पडली असेल ते मला आत्ताआत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगू, तुझा रागही येतो. इतकं खोटं इतक्या सहज! एकदा तरी मला बाजूला घेऊन सांगायचंस. मी लग्न केलं, मला पोर झाली, तू आजारी पडलीस, मी तुझ्या उशाशी बसून तुला अप्पांच्या हुशारीच्या गोष्टी सांगत होतो. तू डोळे मिटून ऐकत होतीस. कमाल आहे तुझी.

मग मी ठरवलं. रविवारी सगळे जमणार आहेत, त्यांच्यासमोरच सांगायचं. बायकोलाही नाही सांगितलं, मुलीलाही नाही, सगळ्यांना एकदमच कळू दे. अप्पांना तेवढं सांगितलं. ते "हं" म्हणाले. त्या बाईने दोन दिवसांत जुने कपॅसिटर बदलून दिले, तुझ्या एकाही गाठीला हात न लावता. प्री-आउटवाला साधा रिसीव्हर तिच्याच मुलाने शोधून दिला. आता समोरचे दोन स्पीकर तुझ्यावर आणि बाकीचे त्या डब्यावर चालतात. आई, काय आवाज आहे! रिसीव्हर एकटा असताना बोलणं नुसतं कानावर पडायचं, आता बोलणारा माणूस समोर येऊन बसतो. मी शनिवारी एकट्याने ऐकलं आणि मला धड बसवेना.

हे मी ऑफिसच्या जुन्या डायरीत लिहितोय. डायरी खणात जाईल, खणाला कुलूप लागेल. हे कुणी वाचावं असं मला वाटत नाही, आणि का ते आता सांगतो.

रविवारी व्याही आले. भला माणूस आहे. फिल्टर कॉफी घेता घेता आपले आजोबा जज्ज होते, घराण्यात तीन पिढ्या वकिली कशी चालत आली, ते सगळं सांगून झालं. मुलीने टीव्ही लावला, आवाज आला, आणि तो माणूस खरोखर उठून उभा राहिला. वाकून तुझी पेटी बघायला लागला. म्हणाला, "हा जुना दिसतो. असा आवाज! कुणी केला हा?" खोलीत सगळे होते. अप्पांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ते तयार होते गं. चेहऱ्यावरून दिसत होतं, ते वाट बघत होते.

मी म्हणालो, "आमच्या अप्पांनी."

अप्पांनी मान खाली घातली. व्याही त्यांच्या पायाशी वाकला, मुलीने टाळ्या वाजवल्या, बायको आतून उप्पीट घेऊन आली. मी स्वतःला समजावत होतो की म्हाताऱ्याची लाज राखली, या वयात चारचौघांत त्यांना खोटं कशाला पाडायचं. दोन दिवस तेच समजावतोय. पण तसं नाहीये, आई. "माझी आई कारखान्यात होती" हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, समोर जज्जांचा नातू उभा होता, आणि मला लाज वाटली. अप्पांची नाही. तुझी वाटली.