बेचाळीस डब्यांचा एकच धनी

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
शालेय तपासणी विभाग.

विषय : आमची शाळा कृमिमुक्त नसल्याबाबत व जंताच्या गोळ्या तात्काळ मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या सहीचे 'कृमिमुक्त शाळा' प्रमाणपत्र.

महोदय,

मी सदर शाळेत सतरा वर्षे शिपाई आहे. माझी मुलगी इथेच चौथीत आहे. तिच्या पोटात जंत आहेत. निम्म्या वर्गाच्या पोटात आहेत. कवायतीला उभी असताना माझी पोर दोनदा कोसळली. दुकानातून गोळी आणून दिली, तर महिन्याभरात पुन्हा तेच. कारण शेजारच्या पोरींना गोळी नाही आणि हात धुवायचा नळ दोन वर्षे कोरडा आहे.

१. गोळ्यांसाठी मी आपल्या कार्यालयात तीनदा आलो. आपले कारकून म्हणाले, अहवालात जंत नाहीत म्हणजे पोटात नाहीत. कृमिमुक्त शाळेला गोळ्या देता येत नाहीत. वर, पोरांना नखे कापायला सांगा, हा सल्ला फुकट.

२. आता त्या अहवालाची कथा ऐकावी. आपण शौचाच्या नमुन्यांसाठी नावे चिकटवून बेचाळीस डब्या पाठवल्यात आणि दुपारी बारापर्यंत भरून मागितल्यात. मुले लाजली. आयांनी डब्या घासूनपुसून रिकाम्याच परत केल्या. एकीत बटणे होती. मुख्याध्यापक म्हणाले, "भरून द्या, कशा ते मला विचारू नका." मी विचारले नाही. बेचाळीसही डब्यांत नमुना माझ्या एकट्याचा आहे. चूक माझी, कबूल. तिची लाज मला रोज वाटते.

३. पण साहेब, आपल्या प्रयोगशाळेत माणसे बसतात की नुसत्या खुर्च्या? बेचाळीस पोरांनी आदल्या दिवशी एकच भाजी खाल्ली, हे कोणाच्याच ध्यानात येऊ नये? एक डबी तर गेल्या वर्षी शाळा सोडून गेलेल्या मुलीच्या नावाची होती. तीही निरोगी निघाली! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरे काय?

४. प्रमाणपत्र चौथीच्या वर्गात लावले आहे. खिळा मीच ठोकला. त्याच्याखाली माझी पोर पोट दाबून पाढे म्हणते.

तरी प्रमाणपत्र रद्द करावे, सर्व मुलांना एकाच दिवशी गोळ्या द्याव्यात आणि नळाला पाणी आणावे. मला निलंबित करावयाचे तर खुशाल करावे. पण आधी गोळ्या, मग निलंबन. हा क्रम चुकवू नये.

रागावलेला, तरीही आपला नम्र,
(सही)
शिपाई
ता. १२

सोबत : डबी एक. माझ्या मुलीची, आज सकाळची. हिला सूक्ष्मदर्शक लागणार नाही. झाकण आपण स्वतः उघडावे.