तपकिरी कव्हरातली रेकॉर्ड

सिस्टर,

तुम्ही आम्हाला फसवलंत. तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाशी भांडू नये एवढं मलाही कळतं. पण भांडण तुमच्याशीच आहे, मग दुसऱ्या कोणाशी भांडू? आठवीच्या वर्गाला तुम्ही मेरीमातेचं म्हणून जे पोर्तुगीज स्तोत्र शिकवलंत, ते स्तोत्र नाही. ब्राझीलमधल्या एका धोबिणीच्या मुलीने नवऱ्याला घराबाहेर काढलं, त्याचं ते गाणं आहे. हे मला गेल्या महिन्यात कुवेतमध्ये, जाब्रियातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कळलं.

मी आता मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, राहते. निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका दवाखान्यात पेशंटांच्या फाइली सांभाळल्या. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मुलांची सर्वधर्म प्रार्थना असते. ख्रिस्ती प्रार्थना कोण बसवणार म्हटलं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात, कारण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हातारी तिथे मी एकटीच. मी तुमचंच गाणं शिकवायला घेतलं होतं. लिफ्टमध्ये तेच गुणगुणत होते, तर खालच्या मजल्यावरची ब्राझिलियन बाई एकदम वळून इंग्रजीत म्हणाली, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" तिचा नवरा इथे फुटबॉलचा कोच आहे. मी ताठ मानेने सांगितलं, "नन्सनी. प्रार्थना आहे." ती इतकी हसली की तिच्या पिशवीतली अंडी मला सावरावी लागली.

तिने घरी नेऊन फोनवर मूळ गाणं लावलं. तीच चाल. तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. घरी येऊन नातीला शोधायला बसवलं. "आजी, शी इज सुपर फेमस," नात म्हणाली, जणू इतकी वर्षं ठाऊक नसणं हा माझाच गुन्हा. मग नातीने आणि त्या बाईने सांगितलेलं मी ताडून पाहिलं. नदीकाठच्या एका बंदरात आई लोकांचे कपडे धुवायची आणि ही मुलगी दगडावर ताल धरून गाणी जुळवायची. सोळाव्या वर्षी रेडिओवर गायली. गिटार वाजवणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं, आणि त्याने तिच्या गाण्यांवर स्वतःचं नाव छापलं. एक नाही, दोन नाही, तीन रेकॉर्डी. एक दिवस तिने दाराला कडी घातली आणि तो बाहेर हाका मारत असताना आत बसून हे गाणं रचलं. तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं. पुढे लष्करी राजवटीला तिचं दुसरं कुठलंसं गाणं झोंबलं, तिला देश सोडावा लागला, परक्या गावांत लोकांच्या जेवणाच्या टेबलांमध्ये उभं राहून तिने दिवस काढले आणि मग परतली. आता खुर्चीत बसून गाते, आणि सुरुवातीला दर वेळी सांगते की शब्द माझे आहेत.

तुमच्याकडची ती रेकॉर्ड मला लख्ख दिसते. संगीताच्या खोलीत हार्मोनियमच्या मागे ठेवलेली, आणि आमच्या पुस्तकांना घालायला लावायचात तसलं तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. रेकॉर्डला कशाला हवं कव्हर? आज कळतं, आत त्या बाईचं चित्र असणार, आणि ते मेरीमातेचं नाही हे आम्हालाही दिसलं असतं. बोटीवर काम करणाऱ्या भावाने आणली, असं तुम्ही सांगितलंत. तो भाऊ तरी भाऊच होता का, अशी मला आता शंका येते. मी हात वर करून विचारते, सिस्टर, याचा अर्थ काय? तुम्ही वळता. तुमचा चेहरा लाल झालेला. "अर्थ कित्याक जाय तुका? सूर धर," असं तुम्ही खेकसता आणि मला पहिल्या रांगेतून उचलून मागे उभी करता. रागावलात की तुमचं इंग्रजी सुटून कोकणी यायची. शाळेच्या भेटीला आलेल्या बिशपसाहेबांसमोर माझ्या वाट्याचं कडवं दुसरीच मुलगी गायली.

शाळा सोडताना तुम्ही मला एक वही दिलीत, त्यात ते गाणं तुमच्या हातचं, देवनागरीत. त्या वेळी मला ती माफी वाटली होती. परवा ब्राझिलियन बाईला समोर बसवून मी ती ओळीगणिक मूळ गाण्याशी लावून पाहिली. मूळ कडवी चार, तुमच्या वहीत तीन. जिथे गाणारी नवऱ्याला नावाने हाक मारते, तिथे तुम्ही दर वेळी 'मारिया' लिहिलंय. जन्मभर फाइलींतली फिरवाफिरवी पकडली मी. अर्थ कळल्याशिवाय कोणी इतक्या नेमक्या जागी हात घालत नाही.

आणि सिस्टर, माझे यजमान शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी हेच म्हणत होते. त्यांना बरं वाटायचं. "ते तुझं चर्चचं म्हण," असं स्वतः सांगायचे. म्हणजे जाणाऱ्या माणसाला मी आठ दिवस 'परत दाराशी येऊ नकोस' असं गाऊन सांगत होते. हे मी कसं विसरू?

तुम्हाला चारचौघांत उघडं पाडायचं मी ठरवलं. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काकू, पत्रिका छापून झाली. कोणाला कळतंय इथे?"

"मला कळतंय," मी म्हटलं.

शुक्रवारी मुलं रांगेत उभी राहिल्यावर मी माइक घेतला आणि ही प्रार्थना नसून गाणं आहे हे सांगितलं. कोणाचं, तेही नावानिशी सांगितलं. मुलांनी तीन कडवी गायली, आणि दुसऱ्या रांगेतून आमच्या ब्राझिलियन बाईंनी उठून चौथं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्याबद्दलचं मी चहासाठी राखून ठेवलं होतं, वही पर्समध्येच होती. सेक्रेटरीबाईंनी संधीही दिली. भरल्या हॉलमध्ये मोठ्याने विचारलं, "म्हणजे तुमच्या त्या ननने चक्क खोटं शिकवलं की हो मुलींना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी म्हटलं, "छे हो. त्यांना बिचाऱ्यांना पोर्तुगीज येत नव्हतं."

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकायचं असं मनात होतं, म्हणजे आजच्या सिस्टरांना तरी कळलं असतं. आता टाकणार नाही. कोणी वाचलं, तर हॉलभर माणसांसमोर मी खोटं बोलले, आणि तेही तुमच्यासाठी, हे उघड होईल.