गाण्यावर हललेली मान

मंगळवार, संध्याकाळ

मायले मालेगावहून गाडीवर घरी आणलं. तोंडाले बांधलेल्या दुपट्ट्याखाली माह्ये इअरफोन होते, ते तिले दिसले नाही. घरी येताच तिनं मामाले फोन लावला. “कारंज्याच्या पोरीच्या स्थळाचं गाडीवर इचारलं त्याले. मान हलवली त्यानं. हो म्हणून सांग पोरीवाल्याइले.”

मी म्हटलं, “माय, मी गाणे ऐकून राह्यलो होतो. मान गाण्यावर हलली.”

“मंग नाही म्हणू काय?”

मी दुपट्ट्याची घडी करत बसलो.

खरं म्हणजे इअरफोनची चार्जिंग मालेगाव सोडतानाच संपली होती. कानात नुसते अडकवून ठेवले होते. मायचं बोलणं सारं ऐकू येत होतं.

मंग मान कोणत्या गाण्यावर हलली?