वजन तेवढंच

५ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या सायकलीला माझ्या पायांची सवय होऊ लागलीय. तपासणीसाठी पोटाची चिमूटभर चरबी सुईने काढताना तुझाच चेहरा पांढराफटक पडला होता, हे मी आईला कळवलंय. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून मी उंबरठा ओलांडते तो तुमच्याकडे येण्यापुरताच. तेवढा वेळ वन्सं बसतात, तोंड वाकडं करून. वजन उतरेल या आशेवर ह्यांनीही होकार दिलाय.

माया आहेच, कमी करू नकोस.
तुझी ताई

२० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काटा तसूभर हलला नाही. ह्यांनी वन्संसमोरच सांगितलं, की एवढ्या खटाटोपातून काही निघालं नाही, आता पुरे. वन्संनी लगेच मान डोलावली. मी भाजी चिरत राहिले. दुसऱ्यांदा सुई टोचलीत, त्याचं काय निघालं ते मला कळेल असं लिही.

ताई

२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

निघालंय, आणि चांगलं निघालंय. व्यायामात, धावपळीत रक्तात ॲड्रेनालिन नावाचं द्रव्य सुटतं; चरबीच्या पेशीवर ते पकडणाऱ्या जागा असतात. काही जागा त्याला धरून चरबी मोडायला लावतात, काही मोडणं अडवतात. जानेवारीत तुझ्या पेशींत अडवणाऱ्यांचाच जोर होता. आता तो ओसरलाय. तेवढ्याच ॲड्रेनालिनने चरबी कितीतरी जास्त मोडते. काट्याला हे दिसत नाही. पण व्यायाम सुटला की हेही हळूहळू जातं, म्हणून सोडू नकोस. शनिवारी सासूबाईंजवळ मी बसते. भावजींशी बोलू का?

तुझीच,
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ह्यांच्याशी बोलू नकोस. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, म्हणजे जाडी तशीच ना. मग दिवा मालवला. वन्सं आता येत नाहीत. सासूबाईंचा डोळा लागला की मी जिन्यावर चढउतार करते. काल त्यांनी हाक मारली, ती खालच्या पायरीवर ऐकू आली. धावत वर गेले, तर त्यांना फक्त कूस बदलायची होती. कुठे होतीस, म्हणाल्या. मी म्हटलं, इथेच.

शनिवारी नक्की ये. मी प्रयोगशाळेत जाणार नाही, नुसती रस्त्याने चालणार आहे, पाय नेतील तिकडे. उशीर झाला तर घाबरू नकोस. परत येईन. जाणार कुठे?

तुझी
ताई