चिकटलेल्या मुखपृष्ठाचा खुलासा

मी, शेख इनायतुल्ला शेख करीम, वय त्र्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार अमरावती, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझी मुलगी निखत हिला तो मान्य नाही, पण तो आम्हा दोघांतला प्रश्न आहे.

१. घर शरियतप्रमाणे वारसांच्या हिश्शांनी वाटावं. त्यात माझी लुडबुड नाही.

२. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा भाचा मुजम्मिल यास. जुनी कॉमिक्स दाबून सपाट करायची आणि प्रत किती नवी राहिली त्याचा दर्जा लावायला परदेशी पाठवायची, म्हणजे चढा भाव येतो, असा त्याचा बेत आहे. खुशाल करावं. पण उष्णता जास्त झाली की पाठ तडकते, ओल राहिली की पिना गंजतात, घाईने काढलं की पानं वाकडी होतात. कडा तर मुळीच छाटू नयेत. आपल्या धंद्यात ती सफाई, तिथं तो गुन्हा. दर्जा लागलेलं कॉमिक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात म्हणे. मग ते वाचतं कोण, हे मला अजून कळलेलं नाही. मुजम्मिलला कळलं तर कबरीवर येऊन सांगावं.

३. कागद कापायचं यंत्र कोणालाही द्यावं, शेजारच्या देवमनला देऊ नये. १९९१ साली उसनं नेऊन त्याने त्यावर पत्रा कापला.

४. रद्दीत सापडलेला, कधीही न दाबलेला एका कॉमिकचा पहिला अंक गजेंद्र महादेवराव राऊत यास. याचं कारण सांगणं भाग आहे.

महादेवराव हे चांदूर रेल्वेचे चित्रकलेचे मास्तर, माझे जुने मित्र. २००७ च्या श्रावणात त्यांनी याच अंकाची आपली प्रत माझ्याकडे दाबायला पाठवली. चांगला दर्जा मिळाला तर ती विकून मुलगा गजेंद्र विहिरीवर मोटार बसवणार होता. त्यानेच ती स्कूटरवर आणली. काम उरकलंच होतं, मुखपृष्ठावर एक बारीक घडी तेवढी राहिली होती. ती जाते का, हे पाहायची मला खाज सुटली. बांधणीच्या सवयीने ओला बोळा फिरवला आणि शिकंजा गरम करून आवळला. जाड कागदाला ते चालतं. गुळगुळीत मुखपृष्ठ मात्र आतल्या पानाला चिकटलं आणि सोडवताना अर्धं चित्र उचकटून आलं.

दोघं प्रत न्यायला आले तेव्हा महादेवरावांनी विचारलं, "इनायत, हे कावून झालं?"

मी म्हणालो, "येतानीच ओलं होतं."

गजेंद्र म्हणाला, "चाचा, म्या दोन पिशव्यांत घालून आणलं होतं."

बापाने माझं ऐकलं. आठ वर्षं बापलेक कामापुरतंच बोलतात. पोरगा खरं बोलत होता, खोटा मी होतो. मला याची लाज वाटते.

पुरवणी: साक्षीदार म्हणून मी महादेवरावांनाच बोलावलं. वाचल्याशिवाय ते सही करत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनी चौथं कलम दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"तू मेल्यावर त्याले सांगशीन काय? ऊठ. आत्ताच चाल चांदूरले."

गेलो, सांगितलं. गजेंद्र माझ्याकडे न पाहता बापाला म्हणाला, "बाबा, एकडाव तरी माह्यं ऐकाले पाह्यजे होतं." महादेवराव उभ्याउभ्या रडले. अंक मी गजेंद्रच्या हाती दिला.

सबब चौथं कलम रद्द समजावं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात. गजेंद्रला आता माझ्याकडून काही येणं उरलेलं नाही. सही करशील का, असं मी त्याला विचारलं.

स्थळ: चांदूर रेल्वे
दिनांक: १४ ऑगस्ट २०१५

(सही) शेख इनायतुल्ला शेख करीम

साक्षीदार:
१. (सही) महादेवराव राऊत
२. (सही) गजेंद्र महादेवराव राऊत