दोनदा ठासलेला बार

मी, बायजी शुक्रा करबट, वय ६६, राहणार झरी, तालुका तलासरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डाव्या कानाने ऐकू येत नाही. बाकी डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर, मागची वाडी आणि तिथली चिकूची झाडे माझी मुलगी पुष्पा, राहणार वेवजी, हिला मिळावीत. पडवीत माझा दीर सुदाम राहतो. त्याला लकवा झाला तेव्हा त्याच्या मुलाने, दिपकने, बायकोला घेऊन वापी गाठली आणि बापाला माझ्या दारात ठेवले. त्याला मी भरवते. लोक मला देवमाणूस म्हणतात. म्हणू द्यावे.

२. शेळ्या शेजारीण शुक्रीला. माझ्या बाजूने तेवढी तीच बोलली होती.

३. ठासणीच्या बंदुकीचा लोखंडी गज. बंदूक सासऱ्यांची, रानडुकरांसाठी, परवान्याची. ती पोलिसांनी नेली, गज घरात राहिला. माझ्या पतीने त्यावर खाच पाडली होती. गज खाचेपर्यंत आत गेला तर नळी रिकामी, वर अडला तर आत बार आहे. ते दर वेळी गज घालून पाहत. पुष्पाच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा बंदूक सुदामने भरली. चाप ओढला, ठिणगी पाडणारी टोपी फुटली, पण बार पेटला नाही. त्याने गज घालून पाहिले नाही. त्यावरच आणखी दारू ओतली, चिंध्या ठासल्या. "वेवजीकरांना कळू दे," म्हणाला. मग नवी टोपी बसवून बंदूक मोठ्या भावाच्या हातात दिली.

"आत एकच बार आहे ना?" यांनी विचारले.

"एकच, दादा. मान तुझा, तूच उडव."

नळी मागून फाटली. मी ओवाळायचे ताट घेऊन शेजारीच उभी होते. कान तेव्हाच गेला. डहाणूच्या दवाखान्यात नेताना यांनी टेम्पोतच प्राण सोडला. सुदामने पोलिसांना सांगितले, दादा प्यायला होता, दोनदा त्यानेच भरली. यांनी त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता. मी बोलायला उठले तर पाड्यातली माणसे म्हणाली, "एक गेला. दुसऱ्याला कशाला तुरुंगात घालतेस?" माझा नवरा स्वतःच्या चुकीने मेला, असे आजही कागदावर आहे.

गज पुष्पाने घ्यावा.

४. माझे दिवसकार्य होण्याआधी सुदामला पडवीतून उठवावे. अंगणात ठेवू नये, रस्त्यावर ठेवावे. खाट माझी आहे, ती आत घ्यावी. पुष्पाचा स्वभाव बापासारखा, तिला दया येईल. म्हणून हे लिहून ठेवले.

५. सुदामला यातले काहीच मिळत नाही, त्यामुळे तो साक्षीदार चालतो, असे डहाणूच्या वकीलबाईंनी सांगितले. गेल्या महिन्यात कच्चा मजकूर झाला तेव्हा शाळेच्या बाईंनी त्याला सगळे मोठ्याने वाचून दाखवले. तिसरे कलम मी पुन्हा वाचायला लावले.

तो म्हणाला, "वहिनी, खोटं नाही त्यात. पण मग मी जाऊ कुठे?"

"मी आहे तोवर इथेच," मी म्हणाले.

तेव्हापासून मला नुसता खोकला आला तरी तो पडवीतून विचारतो, "वहिनी, गोळी घेतली का?"

लिहून ठेवणार: बायजी शुक्रा करबट (सही)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
सुदाम करबट, झरी (डाव्या हाताचा अंगठा)
निलम धोडी, शिक्षिका, झरी (सही)

ठिकाण: झरी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५